आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर

उन्हाळ्याच्या सुट्टीवरून परत आल्यावर हाउसमध्ये पहिल्या रात्री एकच विषय असतो, सुट्टीत काय केलंस. कुणी मनालीला जाऊन आलेला असतो, कुणी मामाच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेला असतो, कुणी महिनाभर क्लासला घातलेला असतो आणि त्यावरून चिडलेला असतो. मी म्हणालो, "रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केला." शेजारच्या पलंगावरच्या मित्राने विचारलं, "म्हणजे सीडी?" लाइट्स आउटपर्यंत मी त्याला समजावत होतो. नुसती सुई घासून गाणं येतं हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

पण त्या रात्री मी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी इथे लिहितो.

आमचं घर मिरजेला आहे. बाबा फौजेत, त्यामुळे ते कुठे असतात ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, मी इथे, आणि घरी आई, आजी आणि मागच्या वर्षापर्यंत आजोबा. आजोबा फौजेत नव्हते. ते बोटीवर होते, मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. १९७३ साली त्यांचं जहाज इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला बरेच दिवस थांबलं होतं. तेव्हा त्यांनी पगारातून हा प्लेअर घेतला आणि गोधडीत गुंडाळून घरी आणला. त्यावर 'गोल्डरिंग-लेन्को जीएल ७५' असं लिहिलेलं आहे. लेन्को ही कंपनी स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फ गावची, १९४६ साली सुरू झालेली. गोल्डरिंग त्यांचा माल इंग्लंडमध्ये दोघांच्या नावाने विकायची. आजोबांचा जन्मही १९४६ चा. "आम्ही दोघं एका वयाचे," असं ते म्हणायचे. म्हणजे ते आणि कंपनी.

रविवारी सकाळी पोहे झाले की आजोबा प्लेअर लावायचे. आजी स्वयंपाकघरातून ऐकायची. तिची एक नाट्यगीतांची रेकॉर्ड आहे, कलकत्त्याच्या दमदमच्या कारखान्यात निघालेली. लग्नानंतर आजोबांनी तिला दिलेली ती पहिली वस्तू. त्या रेकॉर्डबरोबर वाजवत वाजवत ती पेटी शिकली. प्लेअरला हात लावायची परवानगी मात्र कुणालाच नव्हती, आजीलाही नाही.

मी लावला. पाचवीची परीक्षा झाली होती, इथे सहावीत प्रवेश मिळाला होता, आणि निघायला तीन दिवस होते. दुपारी सगळे झोपले होते. मी आजीचीच रेकॉर्ड काढली, थाळीवर ठेवली, दांडा सरकवला. थाळी फिरायला लागली. मग मी आर्म उचलला. उचलताना तो माझ्या बोटातून निसटला, पिन रेकॉर्डवर आपटली आणि बाहेरच्या कडेपासून पार लेबलपर्यंत खरवडत गेली. तो आवाज स्पीकरमधून आला नाही, कारण स्पीकर मी बंदच ठेवला होता. तो नुसता खर्रर्र असा पिनेचाच आवाज. मी पुन्हा आर्म धरला तर तो लुळा पडल्यासारखा डुगडुगत होता. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, आर्म कसाबसा जागेवर टेकवला, रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट बाकीच्या पाकिटांच्या मधोमध खोचलं आणि जाऊन झोपेचं सोंग घेतलं.

तीन दिवसांनी मी शाळेत आलो. डोक्याचे केस बारीक झाले, पीटी सुरू झाली, सिनियर्सची नावं पाठ करायची होती. मी कुणालाही काही सांगितलं नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा प्लेअरवर आजीच्या जुन्या साडीचा तुकडा झाकलेला होता. रविवारी पोहे झाले आणि आजोबा पेपर वाचत बसले. मी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. नंतर नंतर तो तुकडा घरातल्या पडद्यासारखा दिसायलाच नाहीसा झाला. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये हाउसमास्टर सरांनी मला प्रेपमधून बाहेर बोलावलं आणि घरचा फोन आल्याचं सांगितलं. गोवा एक्स्प्रेसने मिरजेला उतरलो तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तेरा दिवस मी त्याच खोलीत झोपत होतो, प्लेअरशेजारी.

या उन्हाळ्यात आई म्हणाली, ते धूड आता माळ्यावर टाकू या. आजी काही बोलली नाही. मी म्हणालो, "मी उघडून बघतो." बाबांना फोन केला तर त्यांनी एकच ऑर्डर दिली: प्लग काढून हातात घेतल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

आता यंत्राबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद डबल मार्चने पार करावेत.

रेकॉर्ड प्लेअरचं काम ऐकायला सोपं आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे अशी फिरवायची, ना कमी ना जास्त, आणि फिरवताना थरथर होऊ द्यायची नाही. कारण खाचेतले खाचखळगे केसापेक्षाही बारीक असतात आणि पिनेला मोटरची थरथर आणि गवयाचा आवाज यातला फरक कळत नाही. आतली मोटर मात्र मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेरे घेते. हा वेग कमी कसा करायचा यावरून प्लेअरच्या जाती पडतात. काहींत रबरी पट्टा असतो. काहींत मोटर थेट थाळीलाच जोडलेली असते. लेन्कोत मधे एक रबरी काठाचं चाक असतं. मोटरचा दांडा आडवा आणि गाजरासारखा निमुळता आहे. उभं चाक एकीकडे त्या दांड्यावर टेकतं आणि दुसरीकडे थाळीच्या पोटाला. चाक दांड्याच्या जाड भागाकडे सरकवलं की थाळी जोरात फिरते, बारीक टोकाकडे नेलं की हळू. त्यामुळे १६, ३३, ४५, ७८ हे चार वेग तर मिळतातच, पण त्यांच्या मधला कुठलाही वेग मिळतो. ही सोय पुढे मला चांगलीच महागात पडली.

थाळी ओतीव धातूची, सुमारे चार किलोची. ती उचलून ओट्यावर ठेवली तेव्हा आजी म्हणाली, "पोळपाट म्हणून छान आहे." थाळीचा दांडा ज्या नळीत फिरतो तिथलं तेल सुकून डिंकासारखं झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून रंगवाल्याकडून टर्पेंटाइन आणलं आणि जुन्या बनियनच्या पट्ट्या काडीला गुंडाळून नळी आतून पुसत बसलो. पहिल्या पट्ट्या काळ्या निघाल्या, मग तपकिरी, संध्याकाळपर्यंत पांढरी निघाली. रायफल साफ करताना उस्ताद जसं "और एक बार" म्हणतात तसं मी स्वतःलाच म्हणत होतो. नवीन तेलाचे चार थेंब घातल्यावर थाळीला एका बोटाने ढकललं तर ती कितीतरी वेळ फिरत राहिली. आई येऊन बघून गेली, परत आली, तरी फिरतच होती.

रबरी चाकाची मला भीती होती. प्लेअर चालू स्थितीत सोडून नुसती वीज बंद केली तर चाक दांड्यावर आणि थाळीवर दाबलेलंच राहतं. असं महिनोन् महिने राहिलं की रबराला एका जागी चपटेपणा येतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला धप् धप् आवाज येतो. मी त्या दुपारी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, दांड्याला हात लावायचं सुचलंच नव्हतं. म्हणजे चाक चार वर्षं दाबलेलं असणार होतं. मी ते बाहेर काढलं, बोटावर फिरवून पाहिलं, काचेवर घरंगळवलं. पूर्ण गोल. मग लक्षात आलं की मी साडीचा तुकडा काढला तेव्हा दांडा 'बंद'वर होता. पण मी तेव्हा यावर फार विचार केला नाही. रबर स्पिरिटने पुसलं, काठ बारीक सँडपेपरने किंचित खरखरीत केला आणि पुढे गेलो.

पुढे आर्म होता.

या आर्मची रचना तराजूसारखी आहे. तराजूच्या दांडीला जशी धारदार कड असते आणि ती एका खाचेत टेकते, तसा हा आर्म दोन धारदार कडांवर वरखाली हलतो. त्या कडा टेकतात 'व्ही'च्या आकाराच्या दोन छोट्या ठोकळ्यांत. ठोकळे रबरासारख्या मऊ वस्तूचे असतात आणि पन्नास वर्षांत अशा वस्तूचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. यात बनवणाऱ्याची काही चूक नाही. आमच्या घरातल्या १९७३ च्या कुठल्याच रबराची आज धूळ झालेली असेल. स्क्रू काढला तर आतून बाजरीच्या भाकरीच्या चुऱ्यासारखं काहीतरी पडलं. मी ते तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. म्हणजे आर्म लुळा झाला तो मी पाडल्यामुळे नाही तर ठोकळे संपल्यामुळे. किंवा ठोकळे आधीच संपत आले होते म्हणून तो माझ्या बोटातून निसटला. किंवा माझ्या आपटण्याने त्यांचा शेवट झाला. तिन्हीपैकी काय ते त्या चुऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

चुऱ्याखाली एक कागद होता. एसटीच्या तिकिटाची घडी घालून, पुन्हा घडी घालून नखाएवढी केलेली आणि ठोकळ्याच्या जागी पाचर म्हणून ठोकलेली. घरात अशी पाचर मारणारा माणूस एकच. खुर्ची डुगडुगली, खिडकी वाजली, देवघराचा पाट हलला की आजोबा खिशातून तिकीट काढून घडी घालायचे. मी चिमट्याने घडी उलगडली. तारीख बघायची होती. मी शाळेत जायच्या आधीची असेल तर आर्म आधीपासूनच हलत होता. नंतरची असेल तर आजोबांनी माझ्यानंतर तो उघडला होता. पण हल्लीची तिकिटं त्या गुळगुळीत कागदावर छापलेली असतात, त्यावरची शाई काही महिन्यांत उडते. तिकीट कोरं होतं. दिव्यासमोर धरलं, तिरकं धरलं, मोबाइलचा टॉर्च मागून लावला. काही नाही. मी ते वहीत ठेवलं.

नवीन ठोकळे बाहेर पितळेचे वगैरे मिळतात, पण सुट्टी संपेपर्यंत येतील याची खात्री नव्हती. मग स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा पाट दिसला. त्याचा कोपरा हॅक्सॉने कापला. आईला तो कोपरा दुसऱ्या दिवशी भेंडी चिरताना कळला. तिकोनी कानशीने 'व्ही' पाडायचा, व्हर्निअरने मोजायचा, बसवायचा, हलतो का बघायचं. पहिली जोडी उंच झाली, दुसरी तिरकी. तिसरीतला एक इतका छान झाला की मी उड्या मारल्या आणि तो हातातून उडून मोरीत गेला. सहावी जोडी बसली. आर्म हवेत तरंगल्यासारखा झाला, फुंकर मारली तरी हलायचा, पण डुगडुगायचा नाही.

मूळ लाकडी बैठकीला खालून वाळवी लागलेली होती, म्हणून नवी करायची होती. लेन्कोला जड बैठक लागते, कारण चाक थेट थाळीला टेकतं आणि मोटरची थरथर त्यातून वर चढते. मिरज म्हणजे सतारी आणि तंबोऱ्यांचं गाव. दीडशे वर्षांहून जास्त काळ इथे तंतुवाद्यं बनतात, आणि आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून एक सतारमेकर चाचा बसतात. मला वाटलं, लाकडाचं काम आहे तर त्यांनाच विचारावं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हातातला भोपळा बाजूला ठेवला आणि हसले. "बेटा, तू चुकीच्या दुकानात आलास. आमचं लाकूड बोललं पाहिजे. तुझं लाकूड मुकं पाहिजे." मग त्यांनी समोरच्या दोन फळ्यांवर बोटाने टिचकी मारून दाखवली. तुणीच्या लाकडाची फळी टण्ण वाजली. प्लायवूडचे तीन तुकडे एकावर एक दाबून धरले आणि टिचकी मारली तर नुसतं ठप्. "हे घे," म्हणाले.

प्लायवूडचे १८ मिलिमीटरचे तीन थर फेव्हिकॉलने चिकटवले. वर दाब म्हणून गव्हाचे दोन डबे, पाटा-वरवंटा आणि आजीचा शिवणाचा मशीन, रात्रभर. मोटर आणि आर्मसाठी भोकं सुतारकाकांनी पाडून दिली. त्या कामाचं श्रेय मी घेत नाही. वायरिंगचं फार सांगण्यासारखं नाही. आर्ममधल्या चार वायरी केसासारख्या आहेत, दोन तुटल्या, पुन्हा जोडल्या. अर्थिंगची वायर विसरलो तर स्पीकरमधून भुंग्यासारखा गूंऽऽ येत होता, ती जोडल्यावर थांबला. नवीन कार्ट्रिज आणि पिन बाबांनी वाढदिवसाची म्हणून आगाऊ मागवून दिली. पिनेचा दाब दोन ग्रॅम हवा होता, तो ओळखीच्या सराफांच्या छोट्या काट्यावर मोजला. दुकानातल्या बायका बांगड्या सोडून माझ्याकडे बघत होत्या.

आता वेग. लेन्कोचा वेग कुठेही ठेवता येतो, म्हणून तो तपासून लावावा लागतो. त्याची युक्ती अशी. कागदाच्या चकतीवर कडेने समान अंतरावर रेघा काढायच्या, चकती थाळीवर ठेवून फिरवायची आणि सेकंदाला ठरावीक वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली बघायची. वेग बरोबर असेल तर रेघा फिरत असूनही जागच्या जागी उभ्या दिसतात, पुढे धावल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. घरातले एलईडी दिवे उपयोगाचे नाहीत, म्हणून मी एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल इंडिकेटर वापरला. त्यातला निऑन आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चकती मी आईच्या फोनवरून डाउनलोड करून झेरॉक्सवाल्याकडे छापली. रात्री खोलीत अंधार केला, इंडिकेटर जवळ धरला, दांडा हळूहळू सरकवला, आणि एका क्षणी सगळ्या रेघा थांबल्या. फॉलिनमध्ये 'सावधान' झाल्यावर होतं तसं. दांडा मात्र ३३ च्या खुणेपासून बराच अलीकडे, १६ च्या बाजूला होता. मला वाटलं, जोडताना खूण सरकली असेल. तिथेच शंका यायला हवी होती.

रविवार होता. पोहे झाले. मी आजीला खुर्चीत बसवलं आणि तिचीच रेकॉर्ड लावली. का तीच, असं कुणी विचारेल. मी ठरवलं होतं म्हणून.

गाणं सुरू झालं. आईने टाळ्या वाजवल्या. आजी डोळे मिटून बसली होती. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"हा गवई आजारी आहे का रे?"

मी म्हणालो, "आजी, वेग बरोबर आहे. मी मोजलाय."

"मोजला असशील. याचा सा काळी एकचा. हा आत्ता खालच्या काळी पाचवर रडतोय." ती उठली, पेटीवरची धूळ पुसली, भाता हलवला आणि पट्टी दाबून दाखवली. खरंच जुळत होतं. तीन पट्ट्या खाली.

मला राग आला. माझ्याकडे चकती होती, निऑन होता, सायन्स होतं. आजीकडे काय, चाळीस वर्षांपूर्वीची आठवण. पण तेवढ्यात मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. माझी रेघ. बाहेरच्या कडेपासून लेबलपर्यंत, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा पिन तिच्यावरून जाणार आणि एकदाच टक् होणार. ३३⅓ चा वेग असेल तर तीन मिनिटांत बरोबर शंभर वेळा. मी घड्याळ काढलं आणि आजीसमोर बसून टक मोजायला लागलो. तीन मिनिटांत त्र्याऐंशी झाले.

वेग सहाव्या हिश्शाने कमी होता. छापलेली चकती काढून तिच्यावरच्या रेघा मोजल्या, २१६ भरल्या. मग गणित सुटलं. ती चकती अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांसाठी होती, जिथे दिवा १२० वेळा लुकलुकतो. इंग्लंडमध्ये आपल्यासारखेच ५० हर्ट्झ असतात, म्हणून आजोबांना ही अडचण कधी आली नसेल. ५० भागिले ६० म्हणजे पाच षष्ठांश, आणि शंभराचे पाच षष्ठांश त्र्याऐंशी. आपल्याकडे चकतीवर १८० रेघा हव्यात. ३६० अंशांत १८० रेघा, म्हणजे दर दोन अंशांना एक. ती मी कंपास आणि कोनमापकाने हाताने काढली, आणि यावेळी रेघा थांबल्या तेव्हा दांडा नेमका ३३ वर होता. गवई काळी एकला आला. आजी म्हणाली, "आता बरा झाला." तीन मिनिटांत शंभर टक.

"पण हे टक् टक् काय आहे?" तिने विचारलं. "आधी नव्हतं."

मी सांगितलं. पाचवीची सुट्टी, दुपार, आर्म, पाकीट मधे खोचलेलं, सगळं. आई दारात उभी होती. आजीने पूर्ण ऐकलं, प्लेअरकडे बघितलं, आणि उठून आत गेली. दुपारी ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी देवाला दिवा लावतानाही नाही. मला शाळेत बऱ्याच शिक्षा झाल्या आहेत, त्यातली कुठलीही इतकी लांब वाटली नव्हती. रात्री जेवताना तिने माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाली, "त्या रेकॉर्डवर तुझ्या आजोबांनी एकदा आमटी सांडली होती. बी बाजूला. मी आठ दिवस बोलले नव्हते."

मग मी वहीतलं तिकीट तिला दाखवलं आणि विचारलं, आजोबांना माहीत होतं का. तिने चष्मा लावून कोरा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "प्लेअर का लावत नाही म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, रबर गेलंय, मिळत नाही. एवढंच." मी म्हणालो, दांडा मी चालूच ठेवला होता आणि आता तो बंद होता. तू केलास का? ती म्हणाली, "मी कधी हात लावला आहे का त्याला?" आई नाही म्हणाली. बाबा त्या वर्षी घरी नव्हते.

म्हणजे कुणीतरी माझ्यानंतर तिथे गेलं होतं आणि चाक खराब होऊ नये म्हणून दांडा बंद केला होता. रेकॉर्डवरची रेघ त्यांनी पाहिली होती की नाही, मला माहीत नाही. पत्रांत त्यांनी मला क्रॉस-कंट्रीत कितवा आलास, मेसमध्ये काय असतं, तिकडे थंडी किती आहे, एवढंच विचारलं. मी ती सगळी पत्रं ट्रंकेतून काढून परत वाचली. त्यांत प्लेअरचा शब्द नाही.

तिकीट आता आजीच्या पेटीच्या खोक्यात आहे. ठोकळ्याच्या जागी भाजीच्या पाटाचा तुकडा आहे, आणि अजून टिकलाय.

टर्म सुरू झाल्यावर दुसऱ्या रविवारी माझी फोनची पाळी आली. मी आजीला म्हटलं, लावलाय का. ती म्हणाली, मी नाही, तुझी आई लावते, मी सांगते कसं लावायचं. मग तिने फोन स्पीकरजवळ नेला. गाणं नीट ऐकू येत नव्हतं, पण टक् स्पष्ट येत होतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मागे उभा असलेला मुलगा "लवकर कर ना यार" म्हणत होता. मी अर्धं मिनिट मोजलं, सोळा झाले. सतरावा येतोय तोवर ड्यूटी कॅडेटने माझी वेळ संपल्याचं सांगितलं.